हौस वाफेची, हिशेब भिंतीआडचा

न्हाणीघर ही मराठी घरातील एकेकाळची दुर्लक्षित जागा होती. परसदारी किंवा पडवीच्या टोकाला असलेला अंधारा आडोसा, कोपऱ्यात तांब्याचा बंब, त्यात धुमसणारी लाकडे, शेजारी घंगाळ आणि पाय घासायची वजरी एवढाच तिचा संसार असे. पाहुण्यांना घर दाखविताना न्हाणीघराचे दार कोणी उघडीत नसे. आज चित्र पालटले आहे. नव्या सदनिकेची वास्तुशांत झाली की दिवाणखान्याइतक्याच अभिमानाने स्नानगृह दाखविले जाते आणि त्यात काचेच्या दाराआड स्टीम शॉवर असला, तर यजमानाच्या चेहऱ्यावरील समाधान लपता लपत नाही. कालपर्यंत पंचतारांकित हॉटेलात किंवा व्यायामशाळेत अनुभवलेले बाष्पस्नान आता घरच्या घरी मिळू शकते, ही कल्पनाच मोहक आहे.

या हौसेला नाक मुरडण्याचे कारण नाही. हौसेला मोल नसते, असे जुनी माणसे म्हणत आली आहेत. मात्र हौसेला मोल नसले, तरी हप्त्याला तारीख असते. म्हणूनच स्टीम शॉवरची निवड ही केवळ काचेची, नळाची किंवा रंगसंगतीची निवड राहत नाही. तो घराच्या भिंतींचा, वीजभाराचा, पाण्याच्या गुणवत्तेचा, शरीरप्रकृतीचा आणि कुटुंबाच्या अंदाजपत्रकाचा एकत्रित निर्णय ठरतो. दुर्दैवाने बहुसंख्य ग्राहक तो नेमक्या उलट क्रमाने घेतात. आधी दालनात चकचकीत पॅनेल पसंत पडते, मग अनामत रक्कम दिली जाते आणि भिंत, वीज, पाणी यांचा विचार मिस्त्री घरी आल्यावर सुरू होतो.

एका कुटुंबाची कल्पना

इंदूरसारख्या शहरात दोन पिढ्यांपासून स्थायिक असलेले एखादे मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. कुटुंबप्रमुखांच्या निवृत्तीस तीन वर्षे उरली आहेत. त्यांना रक्तदाबाची गोळी रोज घ्यावी लागते. पत्नीचे गुडघे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हमखास कुरकुरतात. मुलाच्या आग्रहावरून जुन्या सदनिकेतील स्नानगृहाचे नूतनीकरण ठरते. ‘करायचेच आहे, तर स्टीमसकट करू’, असा विचार पुढे येतो आणि विक्रेता तीन लाख रुपयांचे अंदाजपत्रक हाती ठेवतो. पाच वर्षांच्या सुलभ हप्त्यांची सोय आहेच, असेही तो सांगतो. असे प्रसंग आज कोणत्याही शहरात घडतात. या कुटुंबाने होकार देण्यापूर्वी कोणते प्रश्न विचारावेत, हाच खरा विषय आहे.

वाफ नवी नाही

वाफेने अंग शेकणे ही काही पाश्चात्त्य देणगी नव्हे. सर्दी झाली की गरम पाण्याच्या पातेल्यावर वाकून, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफारा घेण्याची रीत घरोघरी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनालाच वाहिलेला असून त्यात अग्नीच्या साहाय्याने घाम आणण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांतील ‘जेंताक’ आणि ‘कुटी’ हे प्रकार म्हणजे माणसाने आत प्रवेश करून शेक घ्यावा अशी तापविलेली दालनेच होत. विशेष म्हणजे, कोणी स्वेदन घेऊ नये याचीही यादी तेथे आहे आणि तीत गर्भवती व मधुमेही यांचा समावेश आहे. उपचाराचे गुण सांगताना अपात्रतेची यादी देण्याचा हा प्रामाणिकपणा आजच्या रंगीत माहितीपत्रकांत क्वचितच दिसतो.

फिनलंडचा ‘सौना’ आणि बाष्पस्नान यांत अनेकांची गल्लत होते. सौनामध्ये हवा बरीच कोरडी असते आणि तापमान ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत असू शकते. बाष्पस्नानात तापमान साधारण ४० ते ४५ अंशच असते. पण हवा वाफेने जवळजवळ संपृक्त असते. एवढ्या कमी तापमानातही अंग तापते याचे कारण असे की अंगावरील घाम वाळू शकत नाही, उलट वाफच थंड त्वचेवर पाणी होऊन बसते आणि स्वतःची उष्णता शरीराला देते. म्हणजेच घामाद्वारे थंड होण्याची शरीराची नैसर्गिक सोय तेवढ्यापुरती बंद पडते. बाष्पस्नानाचे सुख यातच आहे आणि धोकाही यातच आहे.

उष्णतेने रक्तवाहिन्या प्रसरण पावतात व रक्तदाब खाली येतो. रक्तदाबाची गोळी घेणारी व्यक्ती पंधरा-वीस मिनिटांनी झटकन उठली, तर डोळ्यांपुढे अंधारी येऊन ओल्या फरशीवर कोसळू शकते. म्हणून हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह, दमा असलेल्यांनी व गर्भवतींनी वैद्यकीय सल्ल्यावाचून या वाटेला जाऊ नये. निरोगी व्यक्तीनेही दहा-पंधरा मिनिटांची मर्यादा पाळावी, आधी व नंतर पाणी प्यावे आणि मद्यपानानंतर वाफ कटाक्षाने टाळावी. सांध्यांचा ताठरपणा तात्पुरता सैल होणे, चोंदलेले नाक मोकळे होणे, मन शांत होणे हे लाभ खरे आहेत. परंतु ‘शरीरातील विषद्रव्ये घामावाटे निघून जातात’ किंवा ‘वजन घटते’ असे दावे ऐकून कोणी खिशात हात घालू नये. घाम म्हणजे जवळजवळ सारे पाणीच. रक्तशुद्धीचे काम यकृत व मूत्रपिंडे करतात आणि घटलेले वजन दोन पेले पाणी पिताच परत येते.

तीन वाटा

बाजारात ढोबळमानाने तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे घडी घालून ठेवता येणारा कापडी तंबू. त्यात छोट्या विजेच्या भांड्यातून वाफ सोडली जाते आणि डोके बाहेर राहते. दिसायला तो फारसा देखणा नाही. पण बांधकाम शून्य आणि खर्चही अल्प. दुसरा, तयार केबिन. अॅक्रिलिकचा तळ, काचेच्या भिंती, वर छत आणि सोबत लहान जनरेटर. ही केबिन सध्याच्या फरशीवर उभी राहते व घर बदलताना काढूनही नेता येते. तिसरा, खरा बांधीव स्टीम शॉवर. स्नानगृहाचाच एक भाग काचेने बंद करून, भिंती व छत वाफरोधक करून, जनरेटर बाहेर सुरक्षित जागी बसविला जातो. यात शोभा सर्वाधिक, खर्च सर्वाधिक आणि चूक झाल्यास पस्तावाही सर्वाधिक.

ग्राहकाची नजर स्वाभाविकपणे तिसऱ्या पर्यायावर खिळते. तथापि, या पर्यायातील नेमका जो भाग डोळ्यांना दिसत नाही, त्यावरच त्याचे यशापयश अवलंबून असते.

भिंतीआड काय असते?

नेहमीच्या स्नानगृहात जलरोधन फरशीला आणि भिंतीच्या खालच्या पट्ट्याला केले जाते, कारण पाणी खाली वाहते. वाफ मात्र वर चढते आणि सर्वत्र पसरते. फरशांमधील सिमेंटच्या सांध्यांतून, दिव्याच्या छिद्रातून, छताच्या भेगेतून ती आत शिरते, थंड जागी पाणी होते आणि महिनोन्महिने भिंत आतून ओली ठेवते. म्हणून स्टीम शॉवरमध्ये चारही भिंती व छत या सर्वांना वाफरोधक लेप हवा, फरशांचे सांधे इपॉक्सीने भरलेले हवेत आणि प्लास्टर ऑफ पॅरिसच्या नक्षीदार छताचा मोह सोडायला हवा. छत सपाट न ठेवता किंचित उतरते ठेवावे, म्हणजे जमलेले थेंब टाळूवर न टपकता भिंतीवरून ओघळतात. उंचीही सव्वादोन मीटरच्या आसपास पुरे. जितकी पोकळी अधिक, तितकी वाफ अधिक लागते. संगमरवराचे आकर्षण कितीही असले, तरी तो सच्छिद्र असतो व डागाळतो. खरखरीत पृष्ठभागाच्या व्हिट्रिफाइड फरश्या येथे अधिक उपयोगी पडतात.

जलरोधनाचा लेप वाळल्यावर, फरशा बसविण्यापूर्वी, निचऱ्याचे तोंड बंद करून तळाशी पाणी साठवावे आणि ते निदान २४ तास, शक्य तर ४८ तास तसेच ठेवावे. खालच्या घराच्या छतावर ओल उमटली नाही, तरच पुढील काम सुरू करावे. ही चाचणी फुकट होते; पण कारागिराला घाई असते आणि मालकाला सणापूर्वी काम उरकायचे असते, म्हणून नेमकी तीच टाळली जाते. पुढे खालच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या देवघरात ओलीचे डाग पडतात, सोसायटीच्या सभेत शब्दाला शब्द वाढतो आणि हजारो रुपयांच्या फरशा फोडून तोच लेप पुन्हा लावावा लागतो. वीस वर्षांचा शेजारधर्म एका गळतीपायी तुटल्याची उदाहरणे सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये दुर्मीळ नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी संस्थेची लेखी अनुमती घेणे हे म्हणूनच केवळ औपचारिकतेपुरते नाही.

दाराचाही विचार व्हावा. काच टफन्ड प्रकारचीच असावी. दार बाहेरच्या बाजूस उघडणारे असावे व त्याला आतून कडी नसावी, जेणेकरून आतील व्यक्तीस भोवळ आली अथवा वीज गेली, तर नुसत्या धक्क्याने ते उघडेल. वाफ जिथून बाहेर पडते, तेथील तापमान उकळत्या पाण्याइतके असते. ते तोंड जमिनीलगत, बसण्याच्या जागेपासून व पायांपासून दूर असावे. लहान मुलांच्या घरात तर याबाबत तडजोड नको.

येथे एक गंभीर इशारा आवश्यक आहे. भारतातील असंख्य स्नानगृहांत आजही गॅस गीझर बसविलेले आहेत. हवा न खेळणाऱ्या खोलीत गॅसचे ज्वलन अपुरे होते आणि रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. हिवाळ्यात बंद स्नानगृहांत या वायूने माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचायला मिळतात. स्टीम शॉवरसाठी फटी बुजविल्या, खिडकी बंद केली आणि त्याच स्नानगृहात गॅस गीझर तसाच ठेवला, तर हौसेची खोली प्राणघातक ठरू शकते. असा गीझर आधी बाहेर हलवावा अथवा काढून टाकावा. मगच वाफेचा विचार करावा. वाफ घेऊन झाल्यावर ओल बाहेर जाण्यासाठी केबिनबाहेर पंखा हवा, अन्यथा बुरशीचा काळा थर आठवडाभरात हजेरी लावतो.

वीज आणि पाणी

जनरेटरचा आकार खोलीच्या घनफळावर ठरतो. ढोबळ ठोकताळा असा की फरशी लावलेल्या बंदिस्त जागेस दर घनमीटरला सुमारे एक किलोवॅट क्षमता लागते. दगडी आवरण असेल किंवा भिंत बाहेरच्या बाजूची असेल, तर अधिक. दीड मीटर लांब, सव्वा मीटर रुंद आणि सव्वादोन मीटर उंच अशी जागा साधारण सव्वाचार घनमीटर भरते. तिला दगडी आवरण असल्यास विक्रेता सहा किलोवॅटचा जनरेटर सुचवील. आपल्याकडील २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर तो सुमारे २६ अँपिअर विद्युतप्रवाह ओढतो. दोन किलोवॅटचा नेहमीचा गीझर नऊ अँपिअरच्या आसपास घेतो आणि त्याचा जोडबिंदू १६ अँपिअरचा असतो. सबब, ‘गीझरच्याच पॉइंटवर जोडून देतो’ असे सांगणाऱ्या कारागिराला नम्रपणे निरोप द्यावा. मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग या चार गोष्टींवाचून जनरेटर सुरू करू नये. ओल्या अंगाला विजेचा धक्का कोरड्या अंगापेक्षा कितीतरी पटींनी जीवघेणा असतो. वीजबिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. जुन्या सदनिकांत तो अनेकदा एकट्या जनरेटरलाही अपुरा पडतो. अशा वेळी भार वाढवून घेण्याचा अर्ज हा खर्चाचाच भाग मानावा.

वस्तुतः विजेचा चालू खर्च मात्र भीतीदायक नाही. सहा किलोवॅटचा जनरेटर अर्धा तास चालला, तर तीन युनिट वीज लागते. प्रतियुनिट आठ रुपये धरल्यास एका वेळचे २४ रुपये होतात. तेवढ्या विजेत सुमारे चार लिटर पाण्याची वाफ होते. बादलीभर पाण्याच्या तुलनेत हे पाणी अगदी थोडे.

पाण्याचे प्रमाण थोडे असले, तरी त्याचा गुण महत्त्वाचा आहे. पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. ते मागे राहतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५०० : २०१२) एकूण जडपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून, दुसरा स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे. कूपनलिकेच्या पाण्यात हे प्रमाण ५०० मिलिग्रॅम असल्यास चार लिटर पाण्यामागे जास्तीत जास्त दोन ग्रॅम क्षार टाकीत उरतात. वर्षातून ३०० वेळा वाफ घेतल्यास हे प्रमाण ६०० ग्रॅमवर जाते. गीझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. स्वयंचलित निचरा असलेला जनरेटर, पाणी मृदू करणारे उपकरण आणि नियमित सफाई यांवाचून तापक घटक अकाली जळतो. इंदूरच्या त्या कुटुंबाला नर्मदेचे पाणी मिळते की सोसायटीच्या कूपनलिकेचे, यावर त्यांच्या जनरेटरचे आयुष्य ठरणार आहे. खरेदीपूर्वी पाण्याची चाचणी करून घेणे आणि सुटे भाग व दुरुस्तीची सोय आपल्याच शहरात आहे का, हे विचारणे म्हणूनच अगत्याचे.

हप्त्याचे आयुष्य आणि वस्तूचे आयुष्य

आता पैशाचा प्रश्न. तीन लाख रुपये ९ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे ६,२२८ रुपये येतो. एकूण परतफेड ३,७३,६८० रुपये, म्हणजे व्याज ७३,६८० रुपये. हीच रक्कम क्रेडिट कार्डावर दरमहा ३ टक्के दराने पाच वर्षे फेडावयाची म्हटल्यास हप्ता सुमारे १०,८४० रुपये पडेल व एकूण परतफेड साडेसहा लाखांच्या घरात जाईल. स्नानगृह एक, पण किंमत दोन स्नानगृहांची.

‘शून्य टक्के’ हप्त्याच्या जाहिरातींनीही हुरळून जाऊ नये. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीवरील अशा योजनांसंदर्भात, शून्य टक्के व्याज अशी काही संकल्पनाच अस्तित्वात नाही, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते. व्याज कधी प्रक्रिया शुल्काच्या रूपाने येते, तर कधी रोख खरेदीवर मिळू शकणारी सूट नाकारून वसूल होते. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार, १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ मुदत कर्जांसाठी महत्त्वाच्या तपशिलांचे विवरणपत्र देणे बंधनकारक झाले. त्यात सर्व शुल्कांसह एकूण वार्षिक दर नमूद असतो. ग्राहकाने सही करण्यापूर्वी त्या एका आकड्यावर बोट ठेवून प्रश्न विचारावा आणि शाखेतील कर्मचाऱ्यानेही तो आकडा स्वतःहून समजावून सांगावा.

याहून मूलभूत प्रश्न वापराचा आहे. त्या कुटुंबाने हिवाळ्याचे चार महिने, आठवड्यातून दोनदा वाफ घेतली, तर वर्षाकाठी सुमारे ३५ वेळा वापर होतो. पाच वर्षांत १७५ वेळा. एकूण परतफेडीला या संख्येने भागल्यास एका बाष्पस्नानाची किंमत २,१०० रुपयांहून अधिक पडते आणि वीज व देखभाल याखेरीज. उलट, वर्षातून ३०० दिवस नेमाने वापर झाला, तर हाच आकडा २५० रुपयांच्या आत येतो. वस्तू महाग की स्वस्त, हे तिच्या किमतीवरून नव्हे, तर वापरावरून ठरते. घरातील अडगळीच्या खोलीत कपडे वाळत घालण्याच्या कामी आलेली व्यायामाची सायकल या सत्याची साक्ष देईल.

बँकिंगमध्ये एक साधे सूत्र आहे: कर्जाची मुदत त्या कर्जातून घेतलेल्या वस्तूच्या उपयुक्त आयुष्यापेक्षा मोठी असू नये. शेतकऱ्याच्या बैलजोडीपासून कारखान्याच्या यंत्रापर्यंत हेच सूत्र लागू पडते. ते न्हाणीघरालाही लागू का नसावे? भिंतीतील जलरोधन, नवी नळजोडणी, जाड तार, अर्थिंग, न घसरणाऱ्या फरशा या गोष्टी नीट केल्यास अनेक वर्षे टिकतात व घराचे मूल्य राखतात. त्यांच्यासाठी गृहसुधारणा कर्ज घेणे सयुक्तिक आहे. जनरेटर, नियंत्रण पॅनेल, रंगीत दिवे, सुगंधाची कुपी हा भाग मात्र हमीची मुदत संपताच मालकाच्या नशिबावर सोडला जातो. त्यासाठी पाच वर्षांचे कर्ज काढणे म्हणजे तिसऱ्या वर्षी बंद पडलेल्या वाफेचे हप्ते पाचव्या वर्षापर्यंत भरणे होय. घराला चिकटून राहते त्यासाठी कर्ज, मिरविण्यासाठी बचत, हा दंडक प्रत्येक घराने पाळावा.

इंदूरच्या कुटुंबाच्या बाबतीत तर आणखी एक मुद्दा आहे. निवृत्तीस तीन वर्षे उरली असताना पाच वर्षांचा हप्ता स्वीकारणे म्हणजे शेवटची दोन वर्षे तो निवृत्तिवेतनातून किंवा ग्रॅच्युइटीच्या ठेवीतून भरणे. ज्या पैशातून उतारवयातील औषधपाणी व्हावयाचे, त्यातून वाफेचे देणे फिटणार. कर्ज मंजूर होऊ शकते म्हणून ते घ्यावेच असे नाही, हे सांगणे बँकेच्या व्यवसायाविरुद्ध जाते, असे काहींना वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. निभावू शकणारा ग्राहक हीच बँकेची खरी ठेव होय. योग्य वेळी दिलेला ‘थोडे थांबा’ हा सल्ला पुढील वीस वर्षांचे नाते जोडून देतो.

मग काय करावे?

त्या कुटुंबाने आधी भाड्याची वाफ घेऊन पाहावी. जवळच्या आयुर्वेदिक केंद्रात किंवा व्यायामशाळेत एक हिवाळा वाफ घ्यावी, अर्थात वैद्यांना विचारून. गुडघ्यांना खरोखर आराम पडतो का, रक्तदाबावर काय परिणाम होतो आणि मुख्य म्हणजे तिसऱ्या आठवड्यातही उत्साह टिकतो का, हे काही हजारांत कळेल. उत्तर होकारार्थी असल्यास छोटी केबिन व कमी क्षमतेचा जनरेटर पुरेसा आहे. अंदाजपत्रक मात्र तीन स्वतंत्र भागांत मागावे: बांधकाम व जलरोधन, वीजकाम, आणि उपकरण. एकरकमी आकडा देणाऱ्या विक्रेत्याचा स्वस्तपणा बहुधा भिंतीआड लपलेला असतो. पैसेही टप्प्याटप्प्याने द्यावेत: सुरुवातीस थोडे, पाणी साठवून चाचणी यशस्वी झाल्यावर पुढचा भाग आणि उपकरण आठवडाभर सुरळीत चालल्यावर उरलेले. वस्तू व सेवा कर आकारलेले पक्के बिल व हमीपत्र जपून ठेवावे. तक्रारीची वेळ आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चा आधार घेताना तेच कागद बोलतात.

समजा, बांधकाम व वीजकामाचे दीड लाख रुपये ९ टक्के दराने तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतले आणि उपकरणाचा खर्च बचतीतून केला, तर मासिक हप्ता सुमारे ४,७७० रुपये व एकूण व्याज २१,७०० रुपयांच्या आसपास होते. निवृत्तीच्या दिवशी कर्ज संपलेले असते. उपकरण वर्षभर पुढे ढकलले, तरी काही बिघडत नाही. तार व जोडणी भिंतीत तयार असली, म्हणजे जनरेटर नंतरही बसविता येतो. आधी जनरेटर बसवून भिंत नंतर नीट करता येत नाही.

आणि समजा, एक हिवाळा वाफ घेऊन उत्तर नकारार्थी आले, तरी स्नानगृहाचे नूतनीकरण वाया जात नाही. न घसरणारी फरशी, भिंतीत पक्का बसविलेला पोलादी आधारदांडा, बसून स्नान करता येईल असा कट्टा, बाहेर उघडणारे दार आणि जिवाची राखण करणारा आरसीसीबी यांचा उपयोग साठीनंतर रोजचा आहे. त्या आजी आधारदांडा धरून सुखरूप बाहेर पडतील, तेव्हा त्यांना पॅनेलवरील रंगीत दिव्यांची उणीव भासणार नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नानासाठी त्याच कट्ट्यावर बसून ऊन पाण्याची बादली अंगावर घेताना गुडघ्यांना मिळणारी ऊबही वाफेचीच धाकटी बहीण आहे.

वाफ काही मिनिटांत विरून जाते. मागे उरतात त्या भिंती, तारा आणि कर्जाच्या खात्यातील नोंदी. या तिन्हींची काळजी आधी वाहिली, तर वाफेचा आनंद निश्चिंतपणे घेता येतो. हौस करावी, अवश्य करावी. पण तिचा पाया भिंतीआड पक्का असावा आणि तिचा शेवटचा हप्ता शेवटच्या पगाराआधी फिटलेला असावा.